आत्याला पोचवलं तेव्हा

आत्या गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी घरात कुणालाच काही काम नव्हतं. एरवी त्या सकाळी घरातले पुरुष इंदूरच्या रामबाग मुक्तिधामात, म्हणजे स्मशानात जातात, राख सावडतात, अस्थी मडक्यात घालून वरून फडकं बांधतात. मग नर्मदेवर कधी जायचं, खेडीघाटला की ओंकारेश्वरला, गाडी कुणाची, बरोबर कोण, ही बोलणी सुरू होतात. दुःख असतंच, पण हाताला काम असतं. आत्याचं देहदान झालं होतं. सावडायला राख नव्हती, वेचायला अस्थी नव्हत्या. दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, लवकर आंघोळ करून बाहेरच्या खोलीत येऊन बसला आणि बसूनच राहिला. माझे बाबा, आत्याचे धाकटे भाऊ, तेव्हा ऐंशी ओलांडलेले. दुपारी ते म्हणाले, "तिला आपण अजून पोचवलं नाही."

देहदानाबद्दल जे लिहिलं जातं त्यात हे वाक्य सहसा भेटत नाही. त्यात त्याग असतो, विज्ञान असतं, दधीची ऋषी असतात. ते सगळं खरं आहे. मी देहदानाच्या बाजूची आहे, आणि म्हणूनच मला बाबांच्या त्या वाक्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. अंत्यसंस्कार गेलेल्याच्या इच्छेने ठरला तरी पार पाडायचा असतो मागे राहिलेल्यांनी. त्यांच्या वाट्याला त्यात काय येणार आणि काय येणार नाही, हे आधी बोललं गेलं नाही तर घर त्या दिवशी अधांतरी राहतं. आमचं राहिलं होतं.

आत्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. इंदूरच्या मराठी घरांतल्या कितीतरी मुलींनी आयुष्यातला पहिला बेडूक तिच्या देखरेखीखाली कापला. फेब्रुवारी २०१० मध्ये चित्रकूटला जनसंघाचे जुने नेते नानाजी देशमुख गेले. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोलीत जन्मलेला हा माणूस, ९३ वर्षांचा, देह दिल्लीच्या एम्सला द्यायचा हे आधीच लिहून ठेवून गेला होता. आत्याने ते कात्रण कापून तिच्या डायरीत ठेवलं आणि पुढच्या काही महिन्यांत इंदूरच्या एमजीएम, म्हणजे महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजचा देहदानाचा फॉर्म भरला. नानाजींच्या राजकारणाशी तिचं जमत नसे. पण हे पटलं, असं ती म्हणायची.

तिचं मुख्य कारण मात्र वेगळं होतं, आणि ते मी दुसऱ्या कुणाकडून इतक्या स्पष्टपणे ऐकलेलं नाही. डॉक्टर मुलं शिकतात ती कुणाच्या देहावर? ब्रिटनने १८३२ साली शरीररचनेचा कायदा केला आणि ज्यांच्यावर कुणी हक्क सांगत नाही असे गरीबखान्यांतले मृतदेह मेडिकल शाळांना मिळू लागले. आपल्याकडच्या राज्यांचे कायदे त्याच वळणाने गेले. महाराष्ट्र आणि गुजरातला लागू असलेला मुंबईचा कायदा १९४९ चा, मध्यप्रदेशाचा स्वतंत्र. सगळ्यांचा मूळ आधार एकच, बेवारस मृतदेह. रेल्वे फलाटावर, धर्मशाळेच्या ओट्यावर, सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात गेलेला माणूस, ज्याचं नाव सांगायला कुणी आलं नाही. आत्या म्हणायची, "त्याला कुणी विचारलं का गं? मला विचारा. मी हो म्हणते." इंदूरला १८७८ पासून वैद्यकीय शिक्षण चालू आहे, आधी किंग एडवर्डच्या नावाची ती जुनी शाळा, मग १९४८ पासून एमजीएम. इतक्या वर्षांत कितीतरी लोकांनी आपलं शरीर त्या टेबलांवर दिलं आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलंच नाही. हे मनात आलं की देहदान मला औदार्यापेक्षा परतफेड वाटतं. आपल्या सगळ्यांची ऑपरेशनं ज्या हातांनी केली ते हात कुणावर तरी शिकलेत.

ती गेली हिवाळ्यातल्या पहाटे, घरीच, झोपेत. त्या सकाळचे तास मला नीट आठवतात, कारण तिने दादाला एक कागद लिहून दिला होता आणि आम्ही त्या कागदाप्रमाणे एकेक गोष्ट करत गेलो. पंखा बंद. पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या. डोक्याखाली उशी, म्हणजे डोळ्यांकडे रक्त उतरत नाही. नेत्रपेढीला फोन, कारण बुबुळं सहा तासांच्या आत काढून घ्यावी लागतात. ओळखीच्या डॉक्टरांना बोलावून मृत्यूचा दाखला, कारण त्याच्याशिवाय कॉलेज देह घेत नाही. मग कॉलेजच्या शरीररचना विभागाला फोन. आधार कार्डांच्या प्रती, तिची आणि दादाची. नेत्रपेढीची दोन मुलं आली, तिच्या खोलीचं दार अर्धा तास बंद राहिलं. बाहेर आली तेव्हा त्यांनी दादाच्या आधी तिला नमस्कार केला.

तोवर शेजारच्या काकू येऊन मला हळूच विचारत होत्या, तिरडी बांधायची का, मडकं धरायचं का, गोवऱ्या कुठून सांगायच्या. कागदावर त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. शेवटी आम्ही तिला हळदीकुंकू लावलं, तिची आवडती चंदेरी नेसवली, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घातलं, सगळ्यांनी प्रदक्षिणा घातली. वहिनीने गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायला घेतला आणि मधेच तिचा आवाज गेला, तेव्हा बाबांनी पुढचे श्लोक पूर्ण केले.

त्यानंतर जे झालं ते माझ्या मनावर कोरलं गेलंय. आमच्या घरात बायका मुक्तिधामात जात नाहीत. कुणी मनाई केलेली नाही, पण जात नाहीत. दारातून तिरडी उचलली की बायकांसाठी ते माणूस तिथेच संपतं. मेडिकल कॉलेजला जायला मात्र कुणाचा नियम नव्हता. वहिनी आली, मी आले, आत्याच्या दोन जुन्या विद्यार्थिनी आल्या, तिच्याकडे पंचवीसेक वर्षं काम करणाऱ्या ताई आल्या. विभागाच्या दारापर्यंत आम्ही सगळ्या तिच्याबरोबर चालत गेलो. माझ्या आईच्या वेळी मला हे मिळालं नव्हतं. फॉर्मवर सह्या झाल्या, ताईंनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, स्ट्रेचर आत गेलं. पुढे काय होतं ते आत्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं. मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीतून फॉर्मलिन आणि इतर द्रव्यं शरीरभर सोडतात, ऊती घट्ट होतात, आणि तो देह पुढे बराच काळ टिकतो. हे तिने जेवताना सांगितलं होतं, पोळीवर तूप घालत.

घरी परतलो आणि कुणाला कळेना, आंघोळ करायची का. काहींनी केली, काहींनी हातपाय धुतले. सुतक धरायचं का, दिवा दक्षिणेकडे वात करून लावायचा का, याची उत्तरं कुणाजवळ नव्हती. आमचे गुरुजी संध्याकाळी आले. ते वयाने दादापेक्षा लहान, उज्जैनला शिकलेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की शास्त्रात अशा प्रसंगाची सोय आहे. ज्याचा देह हाती लागत नाही, परदेशी गेलेला, बुडालेला, त्याचा पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करतात, डोक्याला किती, छातीला किती हेसुद्धा ठरलेलं आहे, आणि त्याला अग्नी देतात. दादाने रात्रभर विचार केला आणि सकाळी नको म्हणाला. "तो विधी हरवलेल्या देहासाठी आहे, गुरुजी. आई हरवलेली नाही. ती कुठल्या इमारतीत आहे हे मला माहीत आहे." गुरुजींनी ते मानलं. दहाव्याचे पिंड, तेराव्याचं गोडजेवण हे केलं, अग्नी गाळला. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

आपल्याकडे एकच एक रीत होती आणि आता ती मोडायला निघालोय, असं बोलणाऱ्यांना मी नम्रपणे आठवण करून देते की आपल्या रिती कधीच एक नव्हत्या. लिंगायतांमध्ये बसवून पुरतात. संन्याशाला समाधी देतात किंवा नदीत सोडतात, कारण त्याने स्वतःचा अग्नी जिवंतपणीच विझवलेला असतो. तान्ह्या बाळाला जाळत नाहीत. पारशी लोक गिधाडांच्या स्वाधीन करत, आणि जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडं संपत आली तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना नवी वाट शोधावी लागली. मुंबईत वरळीला २०१५ पासून दहन करणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह आहे. आणि शवविच्छेदन तर आपलंच आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पद्धत दिलेली आहे: फार दिवस आजारी नसलेल्या, विषाने न मेलेल्या माणसाचा देह मुंज गवतात वगैरे गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडजागी ठेवायचा, सात रात्रींनी काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. पुढे कित्येक शतकं आपण तो धागा सोडून दिला, इतका की १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी विच्छेदन केलं ती मोठी बंडखोरी ठरली.

आपल्या महाराष्ट्रातल्या दोन माणसांची आठवण इथे होते. विचारांनी दोन टोकांची, पण दोघांनीही आपल्या मृत्यूचा नीट विचार केला होता. जोतीराव फुल्यांना आपला देह दहन न करता मिठात पुरावा असं वाटत होतं, घराच्या मागे त्यासाठी खड्डाही तयार होता. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले आणि पुणे नगरपालिकेने परवानगी नाकारली. दहनच करावं लागलं. टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, कोणी धरायचं यावरून भाऊबंदांत वाद झाला तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. आणि सावरकरांनी मृत्युपत्रात लिहिलं की माणसांच्या खांद्यावरून नको, यांत्रिक वाहनातून न्या, विद्युतदाहिनीत दहन करा, पिंड नको, काकस्पर्श नको, दुकानं बंद ठेवू नका. १९६६ साली मुंबईत चंदनवाडीला तसंच झालं. जोतीरावांची इच्छा नगरपालिकेच्या एका नकाराने अडली, सावरकरांची पार पडली. मृत्यूनंतर आपली इच्छा दुसऱ्यांच्या हातात असते, त्यात घरचे आले, दारातले लोक आले, सरकारही आलं.

आजचे इतर पर्याय मी वाचत असते. लाकडाची चिता म्हटली की तीनचारशे किलो लाकूड सहज लागतं. आमच्याकडे माळव्यात गोवऱ्यांवर दहन पूर्वीपासून चालत आलंय आणि आता शेणाचं गोकाष्ठही मुक्तिधामात मिळतं, त्यामुळे इथे तो बदल फारसा आदळआपट न होता झाला. विद्युतदाहिनीबद्दलची नाराजी मात्र मला समजते. कळ दाबल्यावर ट्रे आत सरकतो, दार बंद होतं, आणि मुलाला आपण काही केलं असं वाटत नाही. परदेशात आणखी दोन गोष्टी सुरू आहेत. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टूटू २०२१ च्या डिसेंबरात गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह अग्नीऐवजी पाण्यात विरघळवला गेला, अल्कली घातलेल्या गरम पाण्यात. शेवटी हाडं उरतात, त्यांची भुकटी घरच्यांना देतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाचं खत करायला परवानगी दिली. लाकडाचे तुकडे, गवत आणि पेंढा यांत देह ठेवतात, काही आठवड्यांत सुमारे पाऊण घनमीटर माती होते, ती घरी नेता येते. दोन्हीकडे काहीतरी हाती परत येतं. देहदानात निदान आपल्याकडे तरी काही परत येत नाही, आणि बाबा नेमके तिथेच अडले होते.

त्यांना त्यातून बाहेर काढलं ते अनपेक्षित गोष्टीने. आत्याकडे एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक होता, काचपट्ट्यांची लाकडी पेटी होती. तो एका शाळेला द्यावा असं दादाने ठरवलं. दहाव्याच्या आधी बाबा तो घेऊन अंगणात बसले आणि पितांबरी लावून घासत राहिले, भिंगाजवळच्या बारीक खाचा काडीला कापूस लावून. काचपट्ट्यांवर आत्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, कांद्याची साल, बेडकाचं रक्त, जास्वंदीचे परागकण. एकेक पुसून ते मला वाचून दाखवत होते. शाळेत तो द्यायला आम्ही सगळे मिळून गेलो. परत येताना गाडीत बाबा कितीतरी वेळाने पहिल्यांदा आत्याच्या लहानपणाबद्दल बोलले. अस्थींची जागा त्याने भरून निघाली असं मी म्हणणार नाही. पण ते वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही.

ज्यांच्या मनात देहदान आहे त्यांना मला काही गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. फॉर्म भरला म्हणजे देहदान झालं असं नाही. तो आपल्या इच्छेचा कागद. त्या क्षणी जवळच्या नातेवाइकांनी फोन केला नाही, किंवा त्यातल्या एकाने ठाम विरोध केला, तर कॉलेज घरी येऊन देह मागत नाही. उलटही खरं, फॉर्म भरला नसेल आणि घरच्यांची तयारी असेल तर बहुतेक ठिकाणी देह स्वीकारतात. आणि स्वीकारलाच जाईल याची खात्री नसते. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी फार आधी फॉर्म भरलेला. ते अपघातात गेले, पोस्टमॉर्टम झालं, आणि तसा देह शिकवण्यासाठी घेता येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, क्षय, रक्तात पसरलेला संसर्ग असेल तरी नकार येतो. डोळ्यांखेरीज इतर अवयव काढलेले असतील तरी येतो. म्हणजे अवयवदान आणि देहदान दोन्ही करीन असं म्हणताना आधी काय, नंतर काय, हे घरी बोलून ठेवायला हवं. इंदूरात २०१५ पासून अवयवांसाठी रस्ते मोकळे करून कितीतरी ग्रीन कॉरिडॉर झाले, त्याचा मला अभिमान आहे, पण ते मेंदुमृत रुग्णाच्या बाबतीत आणि दवाखान्यातच शक्य असतं. घरी गेलेल्या माणसाचे डोळे घेता येतात, त्वचा घेता येते. आणि कॉलेजची पावती नीट जपा. मुक्तिधामाची पावती नसल्याने मृत्यूची नोंद करताना तीच दाखवावी लागते, आणि ती नोंद २१ दिवसांत करायची असते.

२०२५ मध्ये मध्यप्रदेश सरकारने देहदान आणि अवयवदान करणाऱ्यांना पोलिसांची मानवंदना द्यायचं ठरवलं. त्यानंतर मी एका घरी ती पाहिली. गणवेशातली माणसं दारात ओळीने उभी राहिली, सलामी दिली, आणि त्या घरातल्या विशीच्या नातवाने नकळत पाठ ताठ केली. काही लोकांना हा सरकारी सोपस्कार वाटतो. मला नाही वाटत. त्या घराला एक क्षण मिळाला, ज्यात सगळे एकत्र उभे राहिले आणि शेजाऱ्यांना कळलं की इथून कोण, कशासाठी जातंय.

माझी एक मागणी आहे आणि ती मी भेटेल त्या डॉक्टरपाशी बोलून दाखवते. तैवानमधल्या त्झू ची विद्यापीठात देहदात्याला मूक गुरू म्हणतात. विद्यार्थी आधी त्याच्या घरी जाऊन तो माणूस कसा होता हे समजून घेतात, अभ्यास संपल्यावर देह पुन्हा शिवून, कपडे घालून, घरच्यांच्या सोबत अंत्यसंस्कार करतात. थायलंडमध्येही देहदात्याला मोठे गुरुजी मानतात. आपल्याकडे आता बऱ्याच महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदनाआधी देहासमोर शपथ घेतात, ही चांगली सुरुवात आहे. पण वर्षातून एक दिवस घरच्यांना बोलवा. त्या वर्षीचे अवशेष एकत्र दहन करा, त्यातली चिमूटभर राख ज्यांना हवी त्यांना द्या. बाबांसारख्या माणसाला ती चिमूट पुरली असती. बेवारस म्हणून आलेल्यांचंही त्या दिवशी कुणीतरी नाव घेईल, नाव माहीत नसेल तर नुसते हात जोडेल.

बाबा गेले तेव्हा त्यांना रामबागला गोवऱ्यांवर अग्नी दिला आणि अस्थी खेडीघाटला नर्मदेत सोडल्या, कारण त्यांना तसंच हवं होतं. देहदानाची बाजू घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींना ते जरा खटकलं. मला खटकलं नाही. त्या वेळी मी मुक्तिधामात गेले, शेवटपर्यंत थांबले, आणि कुणी काही बोललं नाही.

माझा फॉर्म मी भरलाय. त्यावर जवळच्या नातेवाइकाची साक्षीदार म्हणून सही लागते. मुलगा बंगळूरला असतो. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "आई, मला जरा वेळ दे." मी देतेय. सही करून घेणं सोपं आहे, पण त्या पहाटे पंखा बंद करून फोन लावायचाय तो त्याला. तो दिवाळीत येईल तेव्हा आम्ही दोघं आधी वेळ ठरवून शरीररचना विभागात जाणार आहोत. त्याने प्रश्नांची यादी करायला घेतली आहे आणि अधूनमधून मला पाठवतो. देह किती दिवस ठेवतात, शेवटी त्याचं काय करतात, मुलं त्याच्याशी कशी वागतात. कालचा प्रश्न होता, नंतर कधी तिथे जाऊन उभं राहिलं तर चालतं का.